एका ट्रेकच्या ब्लॉगची प्लगिन-सफाई: काय ठेवलं, काय उडवलं आणि का

आमच्या ट्रेक ग्रुपमधले एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, मुक्काम सातारा. किल्ल्यांवर ब्लॉग लिहितात, आणि आजचा नाही, पार ब्लॉगरच्या जमान्यापासून लिहितायत. मग कोणीतरी सांगितलं म्हणून स्वतःचं डोमेन घेतलं, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) घेतलं आणि वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर, आले. लिखाण एकदम कामाचं असतं, म्हणजे कुठल्या गावातून चढायचं, पाणी कुठल्या टाक्यातलं प्यायचं, पावसात कुठला पॅच टाळायचा, शेवटची एसटी किती वाजता, असं सगळं. पण ब्लॉग उघडायचा म्हणजे वैताग यायचा. काकांना प्लगिनची, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, हौस भारी, यूट्यूबवर कुठे 'ब्लॉगसाठी टॉप टेन प्लगिन' असा व्हिडिओ दिसला की दहाच्या दहा इन्स्टॉल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले (११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी), त्यातले राजगड, साल्हेर, लोहगड असे बरेच काकांनी आधीच लिहून ठेवलेले, त्यामुळे लोक शोधत शोधत ब्लॉगवर यायला लागले आणि तक्रारी पण यायला लागल्या. 'गुंजवण्यात (राजगडाच्या पायथ्याचं गाव) पोचलो, तुमची पोस्ट उघडत नाही.' 'नकाशा काळा दिसतोय.' 'तुम्ही लिंक पाठवली ती व्हायरस आहे का?' ही शेवटची तर काकांच्या सख्ख्या मेव्हण्याची. मग काकांचा फोन, "अरे, जरा बघतोस का, अजून कुठलं प्लगिन टाकावं लागेल?"

टाकायचं काही नव्हतं, काढायचं होतं. पण सरसकट काढायचं असंही नाही, कारण त्या गर्दीत पाच-सहा प्लगिन्स खरंच सोन्यासारखी होती. म्हणून ठरवलं की एकेक प्लगिन घ्यायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: पायथ्याच्या गावात, एक काडी रेंजवर, मोबाईलमध्ये मराठी पोस्ट वाचणाऱ्या माणसाला ह्याचा काय उपयोग? घरी वायफायवर लॅपटॉपमध्ये सगळंच छान दिसतं हो.

आधी बॅकअप, मग बाकीचं

काहीही हात लावायच्या आधी अपड्राफ्टप्लस टाकलं आणि अख्ख्या ब्लॉगचा बॅकअप काकांच्या गूगल ड्राइव्हवर घेतला. ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते पण ती जीमेल आणि फोटोंमध्ये वाटलेली असते, त्यामुळे बॅकअपसाठी वेगळं अकाउंट काढलं. डेटाबेसचा बॅकअप रोज आणि फोटोंचा आठवड्याला, असं लावलं, कारण लिखाण डेटाबेसमध्ये असतं आणि ते हलकं असतं, फोटो जड असतात पण रोज बदलत नाहीत. होस्टिंगवाले बॅकअप ठेवतात असं काका म्हणत होते, ठेवतातही, पण घराची दुसरी किल्ली घरातच ठेवण्यात काय अर्थ.

दुसरं टाकलं ते 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग'. वर्डप्रेसच्या लोकांचंच आहे, फुकट, आणि मला वाटतं ह्याच्याबद्दल लोकांना फार कमी माहिती आहे. ह्यात ट्रबलशूटिंग मोड चालू केला की सगळी प्लगिन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, वाचकाला साइट जशीच्या तशी दिसत राहते, मग एकेक चालू करत बघायचं की नेमका दोषी कोण. चालू साइटवर प्लगिन बंद करून काय तुटतं ते बघत बसणं म्हणजे शनिवारी सकाळी, जेव्हा निम्मे लोक ट्रेकला निघालेले असतात तेव्हा, पोस्टच गायब.

काढायला घेतलं आणि पोस्टमधून कंस बाहेर आले

साइडबार म्हणजे जत्राच होती. हिट काउंटर, आत्ता किती लोक ऑनलाइन, जगाचा फिरणारा गोल, कॅलेंडर, टॅगचा ढग, गूगल प्लसचं बटण (गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं हे बटणाला कोणी सांगितलं नव्हतं), फीडबर्नरचं ईमेलने सबस्क्राइब कराचं खोकं जे २०२१ च्या जुलैनंतर नुसतंच शोभेचं, आणि गूगलच्या वाचक मोजायच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचा कोड, जो जुलै २०२३ पासून काही मोजत नाहीये तरी प्रत्येक पानावर लोड होतोय. हे सगळं मोबाईलमध्ये पोस्टच्या खाली जातं, दिसतसुद्धा नाही कोणाला, पण डाउनलोड तर होतं ना. डोळे झाकून काढलं. कमेंटच्या खोक्यात मराठी टाइप करून देणारं एक प्लगिन होतं, एकेकाळी त्याचे उपकार होते, आता प्रत्येकाच्या मोबाईलच्या कीबोर्डमध्ये मराठी आहे, तेही गेलं.

अडचण आली ती शॉर्टकोडची. चौकटी कंसात काहीतरी लिहिलेलं असतं आणि प्लगिन त्याच्या जागी गॅलरी किंवा रंगीत बॉक्स दाखवतं, ती भानगड. प्लगिन काढलं की ते कंस उघडे पडतात, आणि वाचकाला 'राजगडाची बालेकिल्ल्याकडची वाट' ह्याच्या खाली कंसात गॅलरी आयडी अमुक अमुक असलं काहीतरी वाचायला मिळतं. त्यामुळे शॉर्टकोडवालं प्लगिन काढायच्या आधी कुठल्या कुठल्या पोस्टमध्ये ते वापरलंय ते शोधावं लागतं. डॅशबोर्डच्या पोस्ट सर्चमध्ये उघडणारा कंस आणि शॉर्टकोडचं नाव टाकलं की यादी येते, मग एकेक पोस्ट उघडून वर्डप्रेसच्याच गॅलरी ब्लॉकमध्ये फोटो परत लावले. कंटाळवाणं काम, काकांनी स्वतः बसून केलं, दुपारच्या झोपेच्या वेळात. नवीन प्लगिन घेताना हा प्रश्न आधीच विचारावा, की हे उद्या काढलं तर माझ्या लिखाणात काय घाण मागे ठेवेल?

एक विजेटचं प्लगिन असं सापडलं की वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून कधीचंच काढून टाकलेलं, पण काकांकडे निवांत चालू. हे धोक्याचं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये 'कॅप्चा' नावाच्या प्लगिनचं प्रकरण झालं होतं, तीन लाख साइट्सवर होतं ते, मूळ कंपनीने विकून टाकलं आणि नवीन मालकाने अपडेटमधून चोरदरवाजा घुसवला. म्हणजे प्लगिन चांगलं आहे एवढं पुरत नाही, आत्ता ते कोण सांभाळतंय आणि शेवटचं अपडेट कधी आलं हे पण बघायचं, प्लगिनच्या पानावर उजवीकडे लिहिलेलं असतं.

कॅशची, म्हणजे तयार पान साठवून वाचकाला झटपट देणारी, दोन प्लगिन्स एकत्र चालू होती, ती एकमेकांच्या पायात पाय घालत होती, कारण दोघंही कॅशची तीच एक फाईल आपल्या नावावर करू बघतात. एक ठेवलं, डब्ल्यूपी सुपर कॅश, सेटिंग साधं. तुमचं होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश घ्या, नाहीतर त्याची मुख्य गंमत चालतच नाही. एसइओची, म्हणजे गूगल सर्चमध्ये पोस्ट वर यावी म्हणून लावतात ती, पण दोन होती. ती जोडी काय करत होती ते खाली सांगतो.

फोटो

खरा राक्षस इथे होता. काका मोबाईलमधला फोटो सरळ चढवायचे, चार-पाच एमबीचा एकेक, आणि पोस्टमध्ये असे पंधरा-वीस. आता वर्डप्रेस स्वतः ह्यात बरंच करतं हे लोकांना ठाऊक नसतं. ४.४ ह्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ च्या शेवटापासून, ते एकाच फोटोच्या लहान-मोठ्या कॉपी ब्राउझरपुढे ठेवतं आणि मोबाईल आपल्यापुरती लहान कॉपी उचलतो. ५.३ पासून २५६० पिक्सेलच्या वरचा फोटो आपोआप बारीक होतो. ५.५ पासून, ऑगस्ट २०२०, खाली असलेले फोटो वाचक खाली येईपर्यंत लोडच होत नाहीत. मग काकांचा ब्लॉग एवढा जड का? तर त्यांचं स्लायडरचं प्लगिन ह्या सगळ्याला वळसा घालून थेट मूळ फोटो ओढत होतं. आणि वरून एक जुनं लेझी लोडचं (वाचक खाली आल्यावरच फोटो आणणारं) प्लगिन, ते जावास्क्रिप्टवर चालणारं, कमी रेंजमध्ये त्याची स्क्रिप्टच पोचायची नाही आणि फोटोंच्या जागी नुसते करडे चौकोन. म्हणजे पान हलकं करायला आणलेल्या प्लगिनमुळेच फोटो दिसत नव्हते.

स्लायडर काढला, लेझी लोड काढलं, आणि फोटो लहान करणारं एकच ठेवलं. शॉर्टपिक्सेल, इमॅजिफाय, स्मश, ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, ह्यातलं कुठलंही घ्या, फुकटच्या मर्यादा प्रत्येकाच्या वेगळ्या. जुने शेकडो फोटो एका दमात करायचे तर ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू बरं पडतं, कारण ते तुमच्याच सर्व्हरवर काम करू शकतं, मोजून क्रेडिट लागत नाहीत, फक्त स्वस्त होस्टिंगवर सावकाश, रात्री लावून ठेवायचं. वेबपी हा फोटोचा हलका फॉरमॅट वर्डप्रेसला ५.८ पासून चालतो, तोही चालू केला. काकांची एक शंका होती, "अरे पण क्वालिटी जाईल ना, सूर्योदयाचे फोटो आहेत." त्यांना त्यांच्याच मोबाईलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, कुठला मूळ ते ओळखता आलं नाही. मूळ फोटो हार्ड डिस्कवर ठेवा, ब्लॉग म्हणजे काही अल्बमचं कपाट नाही, एवढंच म्हटलं.

मराठीत लिहिलं की प्लगिन कसं वागतं

बहुतेक प्लगिन्स इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून बनतात आणि मराठीवर टाकली की कुठेतरी गडबड करतात, आणि ह्याबद्दल ते टॉप टेनवाले व्हिडिओ चकार शब्द काढत नाहीत.

मेव्हण्याच्या व्हायरसचं बघा. काका शीर्षक देणार 'राजगड पावसाळ्यात गुंजवण्यातून चोर दरवाजाने', वर्डप्रेस त्याचीच लिंक बनवणार. आता देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, लिंकमध्ये टक्क्यांच्या खुणा आणि इंग्रजी अक्षर-आकडे मिळून नऊ जागा खातं, आणि लिंकच्या ह्या भागाला वर्डप्रेसमध्ये २०० ची मर्यादा आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. वरचं शीर्षक 'गुंजवण्' पर्यंत येऊन, ण चा पाय मोडून, तिथेच तुटतं. आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की तीन-चार ओळी टक्के आणि आकडे, कोणीही घाबरेल. ह्यावर नावं इंग्रजी अक्षरांत करून देणारी प्लगिन्स आहेत, पण त्यांचं उच्चारांतर भयानक असतं, त्यापेक्षा पोस्ट टाकताना लिंकच्या चौकटीत हाताने इंग्रजी अक्षरांत 'rajgad-gunjavane' लिहा, पाच सेकंदाचं काम. जुन्या पोस्टच्या लिंक बदलल्या तरी वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्यावर आपणहून नेतं, पोस्टच्या बाबतीत तरी, त्याला रीडायरेक्शनचं वेगळं प्लगिन लागत नाही. पानांच्या, म्हणजे 'माझ्याविषयी' वगैरेंच्या बाबतीत नेत नाही, ती दोनच होती, ती सोडून दिली.

'वाचायला लागणारा वेळ' दाखवणारं प्लगिन काकांचं लाडकं. साल्हेरवरची भलीमोठी पोस्ट, आणि वर लिहिलेलं, वाचनवेळ एक मिनिटापेक्षा कमी. कारण आतलं शब्दमोजणीचं फंक्शन रोमन अक्षरांतलेच शब्द ओळखतं, देवनागरी त्याच्या हिशोबी शून्य. काढलं.

थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या रंगरूपाच्या साच्यात, पहिलं अक्षर मोठ्ठं दाखवायची सोय होती, 'क्षितिजावर' लिहिलं की त्याची विचित्र मोडतोड. तसंच हेडिंगमध्ये अक्षरांमध्ये अंतर टाकलेलं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. दोन्ही सेटिंग्ज बंद. फॉन्टची पण कथा, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल इंग्रजीपेक्षा जड असते आणि थीम 'मुक्त' फॉन्टची सातही वजनं, म्हणजे जाड-बारीक प्रकार, ओढत होती. 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा तो फॉन्ट सुंदरच आहे, तक्रार नाही, पण सात कशाला? शेवटी मजकुराला मोबाईलमध्ये आधीच असलेला देवनागरी फॉन्ट, म्हणजे डाउनलोड शून्य, आणि हेडिंगला काकांच्या आवडीचा 'बलू', एकाच वजनात. थीम तशीही बदलायची होती, ब्लॉक थीम घेतली, आणि ६.५ पासून त्यात फॉन्ट लायब्ररी आहे तिथूनच फॉन्ट आपल्या सर्व्हरवर ठेवता येतो. फॉन्टचं प्लगिन गेलं.

अजून एक, ज्याला प्लगिन वगैरे काहीच लागत नाही. साइटची भाषा इतकी वर्षं इंग्रजीच होती. ती सेटिंगमध्ये जाऊन मराठी केली, तर तारखा मराठीत आल्या, कमेंटचा फॉर्म मराठीत आला, ब्राउझरला आणि ज्यांना दिसत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कळलं की मजकूर मराठी आहे, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसायला लागले. डॅशबोर्ड इंग्रजी हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये तेवढाच वेगळा ठेवता येतो.

सर्चचं मात्र समाधान झालेलं नाही. 'राजगड' शोधलं की 'राजगडावर' सापडतं, कारण अक्षरं तशीच पुढे चालू राहतात, पण 'किल्ला' शोधलं की 'किल्ल्यावर' नाही सापडत, सामान्यरूप मधूनच बदलतं ना. भारीतली सर्च प्लगिन्स पण मराठी विभक्तीपुढे हात टेकतात. म्हणून काकांनी एक साधं पान केलं, जिल्ह्यानुसार किल्ल्यांची यादी, प्रत्येकाला लिंक, हाताने टाइप केलेली. आता मेनूमध्ये पहिलं तेच आहे.

आणि एसइओ प्लगिन लिखाणाला गुण म्हणून दाखवतं ते लाल-हिरवे दिवे. काका ते हिरवे व्हावेत म्हणून वाक्यं तोडत बसायचे! मराठी वाक्य सोपं की अवघड हे मोजायची अक्कल त्या दिव्यांना नाही, वाचनीयतेचा भाग बंदच करा. तरी एक एसइओ प्लगिन ठेवलं, ते फक्त शेअर केल्यावर व्हॉट्सॲपवर नीट फोटो आणि शीर्षक यावं म्हणून. दोन असताना दोघं वेगवेगळा फोटो सांगायची आणि व्हॉट्सॲप कुठला तरी तिसराच उचलायचं किंवा काहीच नाही. शेअरिंग बटणांचं प्लगिन पण काढलं, पोस्टच्या शेवटी फक्त व्हॉट्सॲपची एक साधी लिंक, कारण किल्ल्याची पोस्ट कुठे जाते? ट्रेकच्या ग्रुपवर. बाकी कुठे जात नाही.

नकाशा

काळा नकाशा २०१८ पासूनच काळा असणार. त्या वर्षीपासून गूगलने नकाशांसाठी 'एपीआय की' (गूगलकडून घ्यायचा कोड) आणि कार्डवर बिलिंग सक्तीचं केलं, ते नसलं की नकाशा झाकोळतो आणि त्यावर फक्त डेव्हलपमेंटसाठी असं छापून येतं. त्याजागी 'लीफलेट मॅप' टाकलं, त्यामागे ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा, तसला कोड नाही, बिल नाही. त्याच्या जोडीला एक्स्टेंशनचं प्लगिन आहे त्याने जीपीएक्स फाईल, म्हणजे आपण चाललेली वाट, नकाशावर चढाच्या आलेखासकट दिसते.

पण इथे मी काकांशी थोडा वाद घातला. हलता नकाशा घरी प्लॅन करताना छान, गुंजवण्यात रेंज नसताना तो काय कामाचा? म्हणून प्रत्येक पोस्टमध्ये नकाशाचा एक साधा फोटो, आणि खाली जीपीएक्स फाईलची डाउनलोड लिंक, की घरूनच घ्या आणि ऑसमअँडसारख्या ऑफलाइन ॲपमध्ये टाका. काका म्हणाले, "दोन्ही ठेवू." ठेवले दोन्ही, नकाशाची स्क्रिप्ट फक्त नकाशा असलेल्या पोस्टवरच येते म्हणून मीही जास्त ताणलं नाही.

कमेंट आणि पत्रं

स्पॅमसाठी अँटीस्पॅम बी. अकिस्मेट पण चांगलं आहे, वैयक्तिक ब्लॉगला फुकट चालतं, पण त्याला पण तसा कोड लागतो आणि कमेंट बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन येते, काकांना ते नको होतं. जुन्या पोस्टवरच्या कमेंट आपोआप बंद करायचं सेटिंग वर्डप्रेसमध्येच आहे, बरेच लोक स्पॅमला कंटाळून ते लावतात, आम्ही मुद्दाम नाही लावलं. ट्रेकच्या ब्लॉगवर सगळ्यात मौल्यवान कमेंट जुन्याच पोस्टखाली असते, 'परवा गेलो होतो, खिंडीतली शिडी काढलीये, उजवीकडून जा', ही बंद करून कसं चालेल.

संपर्काच्या फॉर्मचं वेगळंच निघालं. काकांना वाटायचं की कोणी लिहीतच नाही. फॉर्म चालू होता, 'धन्यवाद, संदेश मिळाला' असं दिसायचं, पण शेअर्ड होस्टिंगवरून सुटलेली ती मेल जीमेलपर्यंत पोचतच नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय मेल नीट घेत नाही, आणि ह्या मेलला तसली काही ओळखच नव्हती. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी नावाचं प्लगिन लावून मेल खऱ्या अकाउंटमधून जाईल असं केलं, आणि कॉन्टॅक्ट फॉर्म ७ सोबत फ्लेमिंगो टाकलं, म्हणजे मेल हरवली तरी संदेशाची कॉपी डॅशबोर्डमध्ये राहते. तुमच्या ब्लॉगवर फॉर्म असेल तर आत्ता जाऊन दुसऱ्याच्या मोबाईलवरून स्वतःलाच एक संदेश पाठवून बघा.

सध्या चालू आहे ते असं: अपड्राफ्टप्लस, कॅश, फोटोवालं, अँटीस्पॅम बी, एसइओ एक, नकाशाची जोडी, फॉर्मची जोडी आणि एसएमटीपी. हेल्थ चेक बंद करून ठेवलंय, लागेल तेव्हा चालू करायला. वाचकाला ह्यातलं नकाशा आणि फॉर्म सोडून काहीच दिसत नाही. हिट काउंटर गेल्याचं काकांना वाईट वाटलं, आकडा बराच मोठा झाला होता, म्हणून तो आकडा 'माझ्याविषयी' पानावर नुसता टाइप करून ठेवलाय. ईमेलने नवी पोस्ट पाठवायचं अजून लटकलंय, काकांना व्हॉट्सॲप चॅनल काढायचंय आणि मला वाटतं ज्यांना पत्ते देऊन वाचायचंय त्यांच्यासाठी मेलच बरी, दिवाळीनंतर बसून ठरवू.